दहाची नोट आणि बारा वळणं

पुण्यातल्या आयटी पार्कांमध्ये सोमवारी सकाळी एक छोटासा विधी चालतो. पार्किंगमध्ये गाडी लावायची, हेल्मेट काढायचं आणि शेजारच्या बाईकच्या मागे वाकून तिचा टायर बघायचा. टायरच्या दोन्ही कडांना न घासलेल्या रबराचा कोरा पट्टा किती उरलाय, ते. बाईकवाल्यांच्या भाषेत याला 'चिकन स्ट्रिप्स' म्हणतात. पट्टा जेवढा रुंद तेवढा चालवणारा भित्रा, असा सरळ हिशोब. पट्टा दिसलाच नाही, तर साहेबांचं रविवारचं ताम्हिणी जोरात झालेलं दिसतंय असं समजून मान डोलवायची आणि चहाला जायचं.

हा हिशोब मला कधी पटला नाही. टायर खोटं बोलत नाही हे मान्य. पण तो सांगतो ते इतकंच, की ही गाडी कधीतरी, कुठेतरी एवढी झुकली होती. का झुकली, तेव्हा चालवणाऱ्याची नजर कुठे होती, आणि समोरून एसटी आली असती तर काय झालं असतं, यातलं काहीच टायरवर लिहिलेलं नसतं.

आज लिहायला बसलो त्याला कारण माझा मावसभाऊ. वय तेवीस, पहिली नोकरी, पहिल्या बोनसमधून घेतलेली २०० सीसीची बाईक. गाडी घेतल्यावर महिन्याभरात दोन फोन आले. पहिला मावशीचा. "तुझं बघून घेतलीये हो त्याने गाडी. आता तूच काय ते सांग त्याला, आमचं ऐकत नाही." दुसरा त्याचा स्वतःचा. "दादा, या रविवारी ताम्हिणीला तू पुढे राहा ना, मी बरोब्बर तुझ्या लायनीवर येतो. मला गुडघा टेकवायला शिकायचंय."

म्हणजे बघा, एकाच माणसाबद्दल एकाच माणसाकडे दोन मागण्या आणि दोन्ही उलट्या. मावशीला तो हळू जायला हवाय, त्याला स्वतःला जोरात जायचंय. मी त्याला म्हटलं, घाटात नाही. पैसे जमव, आपण ट्रॅकवर जाऊ. मावशीला हे सांगितलं तेव्हा फोनवर जी शांतता पसरली, ती अजून आठवते.

ट्रॅक डे म्हणजे काय, हे ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. ही शर्यत नसते. दिवसभरासाठी एक रेसट्रॅक घेतलेला असतो, आणि पैसे भरून कोणीही आपली बाईक तिथे पळवू शकतो. वेगाप्रमाणे गट पाडतात आणि प्रत्येक गटाला साधारण पंधरा-वीस मिनिटांची सत्रं मिळतात. आरसे काढायचे, दिव्यांवर चिकटपट्टी लावायची, अंगात लेदर सूट, पाठीला प्रोटेक्टर, घोट्याच्या वर येणारे बूट. झेंडे पाठ करायचे. पिवळा दिसला की ओव्हरटेक बंद, लाल दिसला की सत्र थांबलं, सगळ्यांनी सावकाश पिटमध्ये यायचं. कडेला मार्शल आणि अँब्युलन्स उभी असतेच.

आपल्याकडच्या बाईकवाल्यांची जुनी पंढरी म्हणजे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. १९९० सालचा, ३.७ किलोमीटर लांब, बारा वळणांचा. जुने लोक अजून त्याला एमएमआरटी म्हणतात, आताचं नाव मद्रास इंटरनॅशनल सर्किट. कोइमतूरजवळ करी मोटर स्पीडवे आहे, २००३ चा, २.१ किलोमीटरचा, छोटा आणि वळणावळणाचा. आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला २०११ मध्ये फॉर्म्युला वनसाठी बांधलेलं बुद्ध सर्किट, पाच किलोमीटरहून जास्त. शिकणाऱ्याने पहिल्या दोनपैकी एक निवडावा असं मला वाटतं. मोठ्या ट्रॅकवर सरळ रस्तेही मोठे, आणि सरळ रस्त्यावर इंजिन शिकवतं ते फारसं कामाचं नसतं.

आता थोडं गणित. (घाबरू नका, बारावीच्या पलीकडे जात नाही.) वळणावर बाईकला किती झुकावं लागेल हे दोनच गोष्टींवर ठरतं, वेग आणि वळणाची त्रिज्या. गाडीचं वजन, इंजिनाचे सीसी, टाकीवरचे स्टिकर यांचा संबंध नाही. समजा वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. ताशी ६० किलोमीटरला साधारण ३० अंश झुकावं लागतं, ७० ला ३८ आणि ८० ला ४५. प्रत्यक्षात टायरच्या रुंदीमुळे थोडं आणखी. वेग वर्गात जातो म्हणून हा आकडा भराभर चढतो. आता वेग ६० च ठेवून त्रिज्या दुप्पट, म्हणजे १०० मीटर करा. झुकाव ३० वरून थेट १६ अंशांवर येतो!

म्हणजे उपलब्ध डांबरावर जो मोठ्यात मोठी त्रिज्या आखतो, तो त्याच वेगात कमी झुकतो. बाहेरून आत, आतून पुन्हा बाहेर, ही जी 'रेसिंग लाइन' आपण टीव्हीवर बघतो, तिच्यामागे एवढंच आहे. आणि गुडघा टेकवणं? शरीर वळणाच्या आतल्या बाजूला सरकवलं की दोघांचा मिळून गुरुत्वमध्य आत जातो, आणि त्याच वेगात गाडी स्वतः थोडी कमी झुकते. गुडघा हा नुसता मोजपट्टीसारखा बाहेर असतो. मोटोजीपीवाले साठ अंशांच्या पलीकडे जातात तेव्हा कोपरसुद्धा टेकतं, पण त्यांचे टायर आपल्या टायरचे नातेवाईकही नव्हेत.

मी हे सगळं मावसभावाला कागदावर काढून दाखवलं. तो म्हणाला, "दादा, कळलं. पण मग भीती का वाटते?"

प्रश्न अगदी बरोबर होता. गणित सांगतं की टायरची ताकद शिल्लक आहे, आणि शरीर मात्र वळणाच्या मध्यावर थ्रॉटल सोडून देतं, हँडल आवळतं, आणि नजर नेमकी तिथे रोवतं जिथे जायचं नाहीये. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचा संस्थापक कीथ कोड याने आपलं आयुष्य या प्रश्नावर घालवलं. त्याचं 'अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट' हे पुस्तक १९८३ चं. त्यातली एक कल्पना मला फार आवडते. तो म्हणतो, आपलं लक्ष म्हणजे खिशातली दहा डॉलरची नोट समजा. आपण तिला दहा रुपयांची करू. प्रत्येक कामाला त्यातले काही पैसे जातात. नवशिक्याचे पाच रुपये क्लच-गिअरमध्येच संपतात. तीन रुपये "आत्ता पडतो की काय" यात. उरलेल्या दोन रुपयांत वेग ठरवायचा, वळायची जागा ठरवायची आणि पुढचा रस्ता बघायचा. पुढे १९९३ च्या दुसऱ्या भागात त्याने या दचकण्याच्या सवयींची यादीच केली. जिवावर बेतल्यासारखं वाटलं की शरीर काय काय करतं, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट गाडीला नेमकी नको असलेली कशी असते, याची.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच समजावं. सर्व्हर हँग झाला की नेहमी प्रोसेसरच कमी पडलेला नसतो. मागे चाळीस फालतू प्रोसेस चालू असतात. नवा सर्व्हर मागण्याआधी त्या बंद करून बघतात. वळणावरचा विश्वास असाच येतो. धैर्य वाढवायचं नसतं, एकेक कामाचा खर्च कमी करायचा असतो.

ट्रॅकवरचे सराव नेमके यासाठी असतात. पहिलाच सराव ऐकून मावसभावाचं तोंड पडलं होतं. एकच गिअर, आणि ब्रेक वापरायचा नाही! म्हणजे जोरात जायची सोयच नाही. सरळ रस्त्यावर तेवढाच वेग घ्यायचा जेवढा पुढच्या वळणाला चालेल. वळण घेतलं की थ्रॉटल हळूच उघडायचा आणि वळण संपेपर्यंत एकसारखा, थेंबाथेंबाने वाढवत न्यायचा. मागचा टायर रुंद, त्याचा रस्त्याला चिकटलेला भागही मोठा. तेव्हा भाराची वाटणी साधारण चाळीस टक्के पुढे आणि साठ टक्के मागे अशी राहिली तर गाडी स्थिर बसते, आणि हलक्या थ्रॉटलने ती तशी बसते. मध्येच थ्रॉटल सोडला की सगळा भार पुढे धावतो, सस्पेन्शन दबतं, आणि गाडी आखलेली रेघ सोडते.

दुसरा सराव वळायची जागा ठरवण्याचा. 'साधारण इथे कुठेतरी' चालत नाही. डांबरातलं ठिगळ, कडेच्या पट्टीचा उडालेला रंग, अशी बोट ठेवून दाखवता येईल अशी खूण लागते. तिसरा, त्या खुणेवर गाडी चटकन वळवण्याचा. बाईक हँडल फिरवून वळत नाही, हे सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात असतं पण डोक्यात नसतं. उजवीकडे जायचं तर उजवं हँडल पुढे ढकलायचं. चाक क्षणभर डावीकडे जातं आणि गाडी उजवीकडे कलते. हे ढकलणं जितकं ठाम, तितकी गाडी लवकर कलते. रेंगाळत कलवली तर निम्मं वळण वाया जातं, आणि उरलेल्या निम्म्यात जास्त झुकावं लागतं.

चौथा सराव बघायला सगळ्यात विनोदी. वळणाच्या मध्यावर कोपरं कोंबडीच्या पंखासारखी फडफडवायची. हसू नका. कोपरं हलत असतील तर हात सैल आहेत, आणि हात सैल असतील तर पुढचं चाक आपलं आपण मार्ग काढतं. खांद्यापासून मनगटापर्यंत ताठ झालेला माणूस रस्त्यावरची प्रत्येक लहर हँडलमध्ये भरत असतो. पाचवा सराव नजरेचा. वळायची खूण दिसली की तिच्यापाशी पोचायच्या आधीच नजर वळणाच्या आतल्या टोकाकडे न्यायची, आणि वळायचं मात्र खुणेवरच. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. मान हो म्हणते, डोळे नाही म्हणतात.

दिवसभरात पाच सत्रं, सत्रात सात फेऱ्या धरल्या तरी पस्तीस फेऱ्या झाल्या. प्रत्येक वळण पस्तीस वेळा, एकूण चारशे वीस वळणं. डांबर तेच, खूण तीच, समोरून कोणी येणार नाही याची खात्री. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. डिबगिंगचा पहिला नियम. ताम्हिणीत एक वळण दिवसात दोनदा भेटतं, तेही उलट्या दिशांनी.

आता वेगाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. ट्रॅकवर नवीन माणसाला वाटतं की वेळ वाचवायचा तर ब्रेक उशिरा मारायचा. करून बघू हिशोब. ताशी १३० वरून ६० ला यायचंय, आणि ब्रेक पाच मीटर उशिरा मारला. वाचले किती? सुमारे ०.१६ सेकंद. आता ब्रेक आहे तिथेच मारा, पण शंभर मीटर लांबीच्या त्या वळणातून ६० ऐवजी ६५ ने जा. वाचले ०.४६ सेकंद, जवळजवळ तिप्पट. बारा वळणांना मिळून साडेपाच सेकंद, शिवाय वळणातून जास्त वेगात निघाल्यामुळे पुढच्या सरळ रस्त्यावर मिळतो तो फायदा वेगळा. उशिरा ब्रेक मारणाऱ्याची नोट मात्र ब्रेकवरच खर्च होते आणि वळणासाठी चिल्लर उरते.

पहिल्याच सत्रात मावसभावाने हे प्रत्यक्ष पाहिलं. एका १५० सीसीवाल्याने त्याला वळणाच्या बाहेरच्या बाजूने शांतपणे मागे टाकलं. पुढच्या सरळ रस्त्यावर याने इंजिनाच्या जोरावर त्याला गाठलं, आणि पुढच्या वळणावर तो पुन्हा निघून गेला. पिटमध्ये येऊन हेल्मेट काढलं तेव्हा साहेबांचा चेहरा लाल. "त्याला भीतीच वाटत नाही रे!" मी म्हटलं, जाऊन विचार. विचारून आला. तो मुलगा म्हणे तिसऱ्यांदा आलाय, आणि अजून पहिल्या वळणाला घाबरतो.

दुपारी ऊन असं होतं की विचारू नका. चेन्नईचं ऊन आणि अंगात चामड्याचा सूट. लोक डोक्यावर पाणी ओतून घेत होते. चौथ्या सत्रात काहीतरी बदललं. मी पिटच्या भिंतीपाशी उभा राहून बघत होतो. सकाळी प्रत्येक फेरीला त्याची गाडी वेगवेगळ्या जागी कलत होती. आता एकाच जागी कलायला लागली होती. बाकी काही नाही, तेवढंच. संध्याकाळी सामान आवरताना म्हणाला, "दादा, शेवटचं सत्र मजेचं होतं पण हळू गेलो मी. दमलो होतो बहुतेक." मी फोनमधलं टायमर काढून दाखवलं. सकाळची सगळ्यात चांगली फेरी दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद. शेवटच्या सत्रातली दोन मिनिटं तीस सेकंद.

अकरा सेकंदांनी जलद, आणि त्याला वाटलं हळू. ट्रॅकवर मी जे काही शिकलो त्यात मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. घाई जाणवते ती वेगामुळे कमी, आणि गोष्टी अचानक समोर आल्यामुळे जास्त. नजर दोन पावलं पुढे गेली की तोच रस्ता रुंद होतो, तोच वेग कमी वाटतो. गुडघा टेकला का, असं विचाराल तर नाही टेकला. त्याच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

मग मावशीचा प्रश्न उरतो. ट्रॅकवर जलद झालेला मुलगा घाटातही जलद जाणार नाही का? प्रश्न योग्य आहे आणि त्याला हसण्यावारी नेऊ नये. नवं कौशल्य घेऊन सोमवारी पार्किंगमध्ये भाव खायला जाणारे मी पाहिलेत. पण शिकलेलं नीट मुरलं तर उलटं होतं, आणि त्याला कारणं आहेत.

ट्रॅकवर विश्वास आला तो कशाच्या जिवावर? पुढे काय आहे ते दिसत होतं म्हणून. घाटात नेमकं तेच नसतं. ६० च्या वेगात अडथळा दिसून शरीराने प्रतिक्रिया द्यायला एक सेकंद धरला तर १७ मीटर गेले. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेकला आणखी वीसेक. म्हणजे ३७ मीटर रस्ता दिसत नसेल तर ६० हा वेग जास्त आहे, तुमचे टायर कितीही चांगले असोत. त्यात खडी, सांडलेलं डिझेल, शेण, पावसाळ्यात शेवाळ, धबधब्याचा सेल्फी काढायला रस्त्याच्या मध्यावर उतरलेलं कुटुंब. शिवाय रेसिंग लाइन घाटात चालत नाही. उजव्या वळणावर आतलं टोक म्हणजे रस्त्याची मधली रेघ. चाकं आपल्या बाजूला असली, तरी तीस अंश झुकलेल्या बाईकवर डोकं चाकापासून अर्धा-पाऊण मीटर आत असतं. म्हणजे समोरून येणाऱ्याच्या लेनमध्ये. एसटीच्या आरशाच्या उंचीवर.

आपण कोणीही प्रॉडक्शन सर्व्हरवर टेस्टिंग करत नाही. केलं तर मॅनेजर काय करतो ते माहितीये. घाट हा प्रॉडक्शन सर्व्हर आहे, आणि तिथे आपल्याखेरीज बाकीचे लोकही लॉग-इन असतात.

परत आल्यावर दोन रविवार पावसातच गेले. तिसऱ्या रविवारी आम्ही मुळशीमार्गे ताम्हिणीला निघालो. मी मागे राहिलो, तो पुढे. एकदाही सांगावं लागलं नाही. प्रत्येक आंधळ्या वळणाआधी त्याचा ब्रेकचा दिवा लागत होता, आणि पलीकडचा रस्ता दिसल्यावरच गाडी आत वळत होती. आमच्या मागून आलेला पाच-सहा बाईकचा एक ग्रुप हॉर्न वाजवत पुढे गेला. त्याने हात दाखवून त्यांना वाट दिली. चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा म्हणाला, "इथे काहीच दिसत नाही रे दादा. आधी कसं कळलं नाही?"

मावशीला ही गोष्ट सांगितली. तिचं समाधान झालं असं म्हणवत नाही. "म्हणजे पुन्हा जाणार तुम्ही त्या चेन्नईला?" एवढंच तिने विचारलं. जानेवारीत जाणार आहोत.

जाताजाता, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. गाडी मोठी लागत नाही, १५०-२०० सीसी उत्तम. त्यात इंजिन तुमच्या उणिवा झाकत नाही. पैसे वाचवायचे तर सायलेन्सर आणि स्टिकरमध्ये वाचवा. टायर, ब्रेक पॅड आणि सूट यांत नको. टायरमधली हवा गाडी तापल्यावर पिटमध्ये पुन्हा तपासा. पुण्याहून चेन्नई सुमारे बाराशे किलोमीटर आहे. गाडी टेम्पोने पाठवा आणि तुम्ही रेल्वेने झोपून जा, दमलेल्या माणसाची नोट पाच रुपयांचीच असते. आणि हळू गटात नाव घाला. कोणी हसत नाही, तिथे सगळे आपापल्या खुणा शोधण्यात गुंतलेले असतात.

ब्रेकिंगबद्दल मुद्दामच फार लिहिलं नाही. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत जाण्याचं तंत्र हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याला एक अख्खा शनिवार लागेल. बघू, पुढच्या आठवड्यात रिलीज नसेल तर.